चित्रांखालची माती

शेंदूरजनाघाटचं नाव निघालं की गोष्ट संत्र्याच्या कलमांवर येते. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणारे इथले कारागीर विदर्भभर नावाजलेले. पण गावाच्या उत्तरेला सातपुड्याची जी रांग उभी आहे, तिथला माणसाचा वावर बागायतीहून हजारो वर्षं जुना आहे, हे आपल्याला कळलं ते अलीकडेच. 2007 साली अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गप्रेमी सहकारी मोर्शी तालुक्यातल्या धारूळपलीकडच्या रानात हिंडत असताना त्यांना कातळाच्या छताखाली रंगवलेली चित्रं दिसली. अंबादेवीच्या गुहेचा हा परिसर. हद्द बैतूल जिल्ह्याची, पण जायची वाट आपल्या बाजूची. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूरच्या प्रागैतिहासिक शाखेने पाहणी केली आणि चित्रं असलेल्या शैलाश्रयांची संख्या दोनशेच्या पुढे गेली.

तेव्हापासून येणारा प्रत्येक जण मान वर करून भिंती पाहतो. ते साहजिकच आहे. मात्र ही चित्रं काढणारी माणसं कोण होती, काय खात होती, कधी आली आणि कधी गेली, याची उत्तरं बहुतेक वेळा पायाखालच्या मातीत असतात. तिथे सापडतात दगडाची हत्यारं आणि नशीब असेल तर हाडाची.

आधी दगडाचं पाहू. वऱ्हाडचं मैदान काळ्या बेसॉल्टचं. डोंगरातले हे आसरे मात्र त्याहून जुन्या वालुकाश्माचे. वालुकाश्म ऊन-पाण्याने झिजतो, त्याचा खालचा थर मऊ असला की आत पोकळी होते आणि वर छज्जा उरतो. राहायला ही जागा उत्तम, पण बारीक धारदार पाती काढायला हा दगड कुचकामी. त्यासाठी लागते गारगोटी, अकीक, चकमक. या गारा बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार होतात आणि झिजून नदीनाल्यांच्या पात्रांत येतात. म्हणजे घर डोंगरात आणि हत्यारांचा कच्चा माल खाली नदीत. आसऱ्याच्या मातीत गारेचा कपचा निघाला, तर तो कुणीतरी हाताने वर आणलेला असण्याची शक्यता मोठी.

तो माणसाने फोडलाय की आपोआप फुटलाय, हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. घाव बसला त्या जागेलगत कपच्याच्या आतल्या अंगाला एक फुगवटा येतो आणि तिथून शिंपल्यावर असतात तशा लहरी पसरत जातात. एखादी गार नदीत आपटूनही अशी फुटेल. पण एकाच गाभ्यावरून, एकाच दिशेने, समांतर कडांची पाती ओळीने निघालेली दिसली, की तिथे हात आणि डोकं दोन्ही होतं असं समजायचं. मध्याश्मयुगात ही पाती इतकी लहान झाली की त्यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात. बरीचशी एक ते तीन सेंटिमीटरची. त्यांची एक कड मुद्दाम बोथट करत, म्हणजे ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत राळ-डिंकाने पक्की बसे. एक पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं, अख्खं हत्यार टाकायची गरज नाही.

इतकी बारीक वस्तू फावड्याने खणून हाती लागत नाही. उत्खननात जमिनीवर चौकटी आखतात, माती थराथराने खरवडतात, प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली मोजून लिहितात, आणि काढलेली सगळी माती चाळणीतून जाते. कपचे आणि चुरासुद्धा जपून ठेवतात, कारण हत्यार शिकारीबरोबर रानात जातं, चुरा मात्र जिथे ते घडलं तिथेच राहतो. सातपुड्याच्या उत्तर अंगाला नर्मदेकाठच्या आदमगडला 1960-61 मध्ये आर. व्ही. जोशी आणि एम. डी. खरे यांनी असंच खोदकाम केलं. तिथे सुमारे 25 हजार सूक्ष्मास्त्रं मिळाली. भीमबेटकाची चित्रं वि. श्री. वाकणकरांनी 1957 साली उजेडात आणली. पण तिथे अश्मयुगाचा पार हातकुऱ्हाडी आणि फरशांपासून सूक्ष्मास्त्रांपर्यंतचा क्रम एकाच आसऱ्यात एकावर एक रचलेला दाखवला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्रांनी 1970च्या दशकात केलेल्या उत्खननाने.

हाडाची कथा वेगळी. भीमबेटकाच्या खालच्या थरांत दगड ढिगाने आहे, हाड मात्र नाही. वालुकाश्माची माती आम्लधर्मी, त्यात हाड विरघळून जातं. चुनखडीच्या गुहेत नेमकं उलट घडतं. आंध्रातल्या कर्नूलजवळच्या बिल्ला सुरगम गुहांत 1884च्या सुमारास रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांना हाडांचा मोठा साठा मिळाला आणि त्यातली बरीच हाडं घडवलेली हत्यारं आहेत असं फूट यांनी मांडलं. हे तेच फूट, ज्यांना 1863 मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरमला पुराश्मयुगीन हत्यार सापडलं आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला तोंड फुटलं. 1970च्या दशकात एम. एल. के. मूर्तींनी कर्नूलच्याच मुच्छटला चिंतामानू गवी या गुहेत पुन्हा खणून हाडाच्या हत्यारांचा मुद्दा पुढे नेला.

इथे सावध राहावं लागतं. साळिंदर हाडं बिळात ओढून नेतो आणि दात झिजवायला कुरतडतो. तडसही गुहेत हाडांचा ढीग करतं. त्यांनी टोकदार केलेलं हाड पाहिलं तर कुणीही फसेल. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली खुणा पाहतात. दातांचे चर रुंद आणि जोडीजोडीने येतात. दगडाने खरवडल्याच्या रेघा बारीक, सरळ, एका दिशेच्या असतात आणि वापराच्या टोकाला झळाळी येते.

आपल्या राज्यात अशा नाजूक वस्तूंचा नमुना चाळीसगावजवळच्या पाटणे इथे मिळाला, तोही गुहेत नव्हे तर उघड्यावर. एस. ए. साळी यांच्या उत्खननात सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीच्या थरातून शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि जाळीदार रेघा कोरलेला कवचाचा तुकडा निघाला. खानदेशात शहामृग होते, याचा हा रोकडा पुरावा.

आपल्याच भागातल्या सालबर्डीला डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. त्यामुळे गप्पांत डायनोसॉर आणि गुहेतला माणूस एकाच रांगेत बसवला जातो. दोघांमध्ये साडेसहा कोटी वर्षांचं अंतर आहे.

कोणता थर किती जुना, हे ठरवायला कोळसा असेल तर कार्बन-14 चालतो, साधारण 50 हजार वर्षांपर्यंत. त्यामागे जायचं असेल तर वाळूचे कण शेवटचे उजेडात कधी होते, ते प्रयोगशाळेत मोजतात. दोन्ही पद्धतींना अट एकच: थर हललेला नको. गुप्तधनाच्या नादाने मारलेला एक खड्डा दहा हजार वर्षांची माती उलटीपालटी करतो, आणि मग वरचं खाली गेलं की खालचं वर आलं, हे तज्ज्ञालाही सांगता येत नाही.

म्हणून सातपुड्यात फिरताना एखादी धारदार गार दिसली, तर ती खिशात टाकू नये. बाजूला नाणं ठेवून फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावं. परवान्याशिवाय खोदणं तर दूरच ठेवावं. संग्रहालयाच्या कपाटात नाव-गाव नसलेली कितीतरी सुंदर हत्यारं पडून आहेत. त्यांच्यावरून घडवणाऱ्याचं कसब कळतं, त्यापलीकडे फारसं काही नाही. धारूळच्या रानातली माती अजून बरीच जागच्या जागी आहे. तिचं मोल भिंतीवरच्या रंगाहून कमी नाही.