श्वेत प्रकाशाचे स्फटिक आणि डहाणूची हवा

ज्या डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवले, त्याच तालुक्यात कोळसा जाळून ५०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र मुख्यतः मुंबईच्या उपनगरांसाठी वीज निर्माण करते, हे ध्यानी घेतले म्हणजे थोड्या विजेत अधिक प्रकाश देणाऱ्या दिव्याचा शोध या मुलखाच्या किती जिव्हाळ्याचा आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

प्रचलित एलईडी दिव्यात निळ्या प्रकाशाच्या अर्धवाहकावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो व त्या मिश्रणाला आपण पांढरा उजेड म्हणतो. परंतु त्यात तांबडा अंश उणा पडला की वस्तूंचे रंग फिके दिसतात. एकाच पदार्थातून सर्व रंग प्रकटावेत, ही आकांक्षा संकरित पेरोव्स्काइट या स्फटिकांनी जागवली आहे. शिसे व ब्रोमीन यांच्या अष्टफलकांचे थर आणि त्यांच्या दरम्यान सेंद्रिय रेणू, अशी रचना असलेल्या स्फटिकातून श्वेत प्रकाश मिळाल्याचे स्टॅनफर्ड विद्यापीठातील हेमामाला करुणादासा यांच्या गटाने २०१४ साली प्रसिद्ध केले.

अतिनील किरणांनी उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे ठेवलेली रिक्त जागा यांची जोडी, सुंभाच्या बाजेवर जड माणूस बसताच दोर खचावेत त्याप्रमाणे, भोवतीची स्फटिकजाळी वाकवून त्या खळग्यात स्वतःच अडकते. आणि जाळी सतत कंप पावत असल्याने तिथून सुटणारी ऊर्जा एका रंगात न मावता विस्तृत वर्णपटावर पसरते. सेंद्रिय रेणू बदलून अष्टफलकांचा कल पालटणे, किंवा ब्रोमीनच्या जागी काही क्लोरीन योजणे, अशा तजविजींनी प्रकाशाची छटा व तेज बदलता येते. या कुळातील आरंभीच्या उत्तम स्फटिकातही शोषलेल्या प्रकाशकणांपैकी सुमारे ९ टक्केच श्वेत प्रकाशरूपाने परतत. पुढे २०१८ साली चीनमधील संशोधकांनी चांदी, सोडियम व इंडियम यांच्या शिसेविरहित, सेंद्रिय अंश नसलेल्या भावंड-स्फटिकात हे प्रमाण ८६ टक्क्यांपर्यंत नेले.

पवईच्या आयआयटीत आणि पुण्याच्या आयसरमध्येही पेरोव्स्काइटांवर संशोधन चालू आहे. त्या संशोधकांना विनंती एवढीच, की शिसेयुक्त पेरोव्स्काइटांचा मोठा वैरी ओलावा असल्याने त्यांची परीक्षा डहाणूच्या खाऱ्या, दमट हवेत आणि तलासरीच्या मुसळधार पावसाळ्यात घ्यावी. चिकूच्या वाड्यांत वा भाताच्या खाचरांत शिसे न सोडता या हवेत वर्षानुवर्षे टिकेल, तोच दिवा लोकोपयोगी ठरेल.