उभे दाणे, आडवे दाणे

पाचू ज्या खनिजाचा, त्या बेरिलमध्येच बेरिलियम हा धातू दडलेला असतो. ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि तरी त्याच्या चौपट ताठ! हा ताठपणा स्पीकरमध्ये कामी येतो. त्यातल्या ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या भागाचा, घुमट सेकंदाला वीस-वीस हजार वेळा मागेपुढे होतो. त्या वेगात कमी ताठ पत्र्याचा घुमट जागोजागी वेगवेगळा हलू लागतो आणि सूर बिघडतो. बेरिलियम मात्र आकार सोडत नाही.

पण त्याचा घुमट घडवायचा कसा? थंड असताना दाबला तर हा धातू वाकत नाही, तडकतो. १९७४ साली आलेल्या एनएस-१००० या स्पीकरसाठी यामाहाने थक्क करणारा मार्ग काढला. निर्वात पेटीत इलेक्ट्रॉनांच्या झोताने बेरिलियमची चक्क वाफ करायची आणि ती साच्यावर अणू अणू करून साचू द्यायची! असे घडले वरच्या सुरांसाठी ३० मिलिमीटरचे आणि मधल्या सुरांसाठी तब्बल ८८ मिलिमीटरचे घुमट.

या सुंदर युक्तीत एक कच्चा दुवा मात्र राहतो. वाफेतून साचणाऱ्या धातूचे दाणे शेतातल्या ज्वारीच्या ताटांसारखे शेजारी शेजारी उभे वाढतात. दोन दाण्यांमधली सीमारेषा वरून खाली आरपार जाते. तडा त्या वाटेने शिरला की थेट पलीकडे निघतो.

दुसऱ्या रीतीत बेरिलियमची भुकटी दाबून ठोकळा करतात, तो तापवून लाटतात आणि त्या पातळ पत्र्याला गरम असतानाच घुमटाचा आकार देतात. लाटताना दाणे चपटे होऊन पोळीच्या पदरांसारखे आडवे पसरतात. आता तड्याला सरळ वाट उरत नाही. प्रत्येक दाण्याला वळसा घालावा लागतो आणि त्यातच त्याचा जोर सरतो. धातू तोच, वजन तेच, फक्त दाण्यांची ठेवण बदलली! मला विचाराल तर खरी कारागिरी या न दिसणाऱ्या ठेवणीत आहे.

तरीही पन्नास वर्षांपूर्वीचे ते वाफेतून जन्मलेले घुमट आजही कित्येक घरांत वाजत आहेत. रोजच्या संगीताचा ताण ते सोसतात; बोटाचा एक धक्का सोसवत नाही. म्हणून असा स्पीकर घरी असेल तर घुमटापुढची जाळी काढू नका. घुमट फुटलाच तर तुकडे झाडूने लोटू नका, चिकटपट्टीने अलगद टिपा. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते.