हातमोजे दिले, पण शिकवले कोणी?

1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळच्या बंद युनियन कार्बाइड कारखान्यातून बारा कंटेनर पिथमपूरकडे निघाले. त्यांत सुमारे 337 टन विषारी कचरा होता. 1984 च्या वायुकांडानंतर तो चाळीस वर्षे तिथेच पडून होता. तो भरायला सुमारे शंभर माणसे लावली होती. अंगात संरक्षक पोशाख, अर्ध्या तासाची पाळी, मग तपासणी आणि विश्रांती, असा क्रम होता.

अर्धाच तास का? या पोशाखातून विष आत येत नाही, तसा घामही बाहेर जात नाही. अंग तापते, चक्कर येते. रमजानमध्ये रोजेदार कामगाराची पाळी तर आणखी जपून लावायला हवी.

पण पोशाख मिळाला म्हणजे जीव सुरक्षित झाला, असे नाही. अमेरिकेत विषारी कचऱ्याच्या जागी नियमित काम करणाऱ्याला आधी 40 तासांचे प्रशिक्षण आणि तीन दिवस जाणकाराच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम सक्तीचे आहे. पिंपात काय आहे, त्याला कोणता मास्क चालतो, हे त्यात शिकवतात. पोशाख उतरवणेही शिकावे लागते: आधी बाहेरचे हातमोजे आणि पोशाख, मग मास्क, आतले हातमोजे सर्वांत शेवटी. क्रम चुकला तर बाहेरचे विष हातावर आणि हातावरून तोंडात जाते.

मास्कबद्दलही गैरसमज फार. रुमाल बांधून काहीच साधत नाही. एन-95 मास्क धूळ अडवतो, वायू नाही. वायूसाठी त्या त्या वायूचे फिल्टर लागते. टाकीत किंवा खड्ड्यात प्राणवायूच कमी असेल, तर फिल्टरही निरुपयोगी. तिथे बाहेरून हवा पुरवावी लागते.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट माहीत असावी. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही. फटीतून वायू आत शिरतो. यावर उपाय आहे. डोके झाकणारी, पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारी सैल टोपी मिळते. दाढी असलेल्या कामगाराने ती मागावी.

बॅटऱ्या फोडण्याच्या किंवा भंगाराच्या कामात शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते. लहान मुलांच्या मेंदूला ती सर्वांत घातक. म्हणून बूट दाराबाहेर, आधी आंघोळ, मगच मुलांना जवळ घेणे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत, झटकू मात्र नयेत.

भगिनींनो, घरातला कोणी अशा कामावर जात असेल, तर पगाराआधी त्याला तीन गोष्टी विचारायला सांगा: माल कोणता आहे? मास्क त्याच मालासाठीचा आहे का? काम कोण शिकवणार, आणि किती दिवस? ठेकेदाराला उत्तर देता आले नाही, तर त्या दिवशी आत पाऊल टाकू नये.