तुटलेल्या दोराची साक्ष

सोलापूर-हैदराबाद मार्गावरील जळकोटच्या परिसरात फाल्गुन लागला की चिंचा उतरविण्याचे दिवस येतात. झाडावर चढलेला गडी पडला, तर 'दोर तुटला' या दोन शब्दांत चौकशी आटोपते आणि दोर चुलीत जातो. वास्तविक खरा साक्षीदार तोच. तो गाठीपाशी तुटला असेल, तर गाठीने त्याचे बळ घटविले होते. मधेच झिजला असेल, तर खरबरीत सालीवर घासला होता. बैलांसाठी निकामी ठरलेला कासरा माणसाच्या कमरेला चालतो, हा हिशेब कोणाचा? कधी तर दोर धडच सापडतो. तो तोडायच्या फांदीलाच बांधलेला असतो! अशा चुका उघड बोलल्या जात नाहीत, कारण त्यांत ठेकेदार येतो, झाडमालक येतो. २०२३च्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेल्या मृत्यूस २ लाख रुपये आहेत, पण ते खातेदार शेतकऱ्याच्या घरी. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मजुराचे काय? निदान त्याचा तुटलेला दोर ग्रामपंचायतीने जपून ठेवावा आणि पुढल्या फाल्गुनात, झाडावर चढण्यापूर्वी, गड्यांच्या हाती द्यावा.