गाडी मागून वाजते? आधी ऐका, मग खोला

शहरातून कापडाचे गठ्ठे भरून चौका घाट, फुलंब्रीमार्गे सिल्लोडला येताना आमची पिकअप मागून शिटीसारखी वाजू लागली. एका मिस्त्रीने चाक न फिरवताच क्राऊन-पिनियन बदलायला सांगितले. म्हणजे मोसमाची कमाई गेलीच!

व्यापारी बांधवांनो, आधी कान द्या. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाजते आणि पाय काढताच आवाज बदलतो, तर कसूर बहुधा क्राऊन-पिनियनचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा. पाय काढूनही फरक नाही, नुसती वेगाबरोबर घरघर वाढते, तर चाकाचे बेअरिंग पाहा. झिजलेला टायरही असाच फसवतो.

दुसऱ्या मिस्त्रीने गाडी सपाट जागी लावून हौसिंगचा भरणीचा बोल्ट काढला. ऑइल भोकाच्या काठापर्यंत हवे. आमचे बोटालाही लागेना. पिनियनच्या सीलमधून ते केव्हापासून झिरपत होते. दात शाबूत निघाले, बेअरिंग मात्र ढिले. सील, बेअरिंग नवे टाकले, शिम लावून प्ले जमवला, कंपनीने सांगितलेले गिअर ऑइल भरले. शिटी बंद.

दात खरेच गेले असतील तर मात्र क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या. जुन्याला नवा जोडला तर पुन्हा वाजणारच.