गोधडी : चिंधीतून उभी राहिलेली कला आणि तिच्यामागील प्रेरणा

गोधडी ठाऊक नाही असा माणूस आपल्या समाजात सापडणे कठीण. शीळफाट्याच्या परिसरात, म्हणजे शीळ, डायघर, दिवा, मुंब्रा, डोंबिवली या भागात, आपली कुटुंबे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, खानदेशातून पोटापाण्यासाठी आली. कोणी १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडले, कोणी कारखान्यात काम मिळाले म्हणून आले. येताना बरोबर एक ट्रंक, चार भांडी आणि एक गोधडी असे. पुढे पक्की घरे झाली, पलंग आले, पलंगावर मऊ ब्लँकेट आले आणि गोधडी माळ्यावर गेली. पाहुणे आले की ती नजरेआड ठेवावी असे नव्या पिढीला वाटू लागले. ही लाज योग्य आहे काय? आणि ही गोधडी शिवणाऱ्या आपल्या माता-भगिनींना ती शिवण्याची प्रेरणा कोठून मिळाली? या दोन प्रश्नांचा विचार आपण येथे करू.

गोधडी कशी तयार होते?

घाटावर जिला वाकळ म्हणतात आणि तान्ह्या मुलासाठी लहान केली की जिचे दुपटे होते, ती ही गोधडी जुन्या सुती कापडाची असते. नऊवारी लुगडे बसण्या-उठण्याच्या जागी विरते, पण त्याचा पदर व काठ शाबूत राहतात. धोतर मध्ये फाटते, कडा टिकतात. असे शाबूत भाग कापून घ्यायचे, चांगले तुकडे वरच्या थराला लावायचे, विरलेले कापड आत भर म्हणून घालायचे आणि खाली अस्तर द्यायचे. हे सर्व जमिनीवर पसरून, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा किंवा भरलेला तांब्या ठेवून ताण देतात. आधी लांब टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून मध्याकडे बोटाबोटाच्या अंतराने धावदोरा घालीत जायचे. आळीतल्या दोघी-तिघी चारी बाजूंनी बसल्या तर काम लवकर उरकते.

यातील शास्त्र साधे आहे. कापडाच्या थरांत हवा अडकते व ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. टाके थरांना सरकू देत नाहीत. अनेकदा धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, म्हणून ते मऊ लागते व घाम शोषून घेते. नायलॉन-टेरिलीनच्या साड्या घरात आल्यापासून गोधडीचा कस उतरला तो यामुळेच. त्या कापडावर टाका सरकतो आणि घामही मुरत नाही.

प्रेरणा कोणत्या?

पहिली प्रेरणा अर्थातच गरज. थंडी पडते आणि विकत घ्यायला पैसे नसतात. पण गरज एवढेच कारण असते तर बाईने कसेही तुकडे जोडले असते. प्रत्यक्षात ती लाल तुकड्याशेजारी हिरवा की पिवळा याचा विचार करते, काठ चारी बाजूंना फिरवते, मधल्या चौकोनासाठी आवडते कापड राखून ठेवते. दुसरी प्रेरणा आठवणीची. वारलेल्या सासूचे लुगडे, लेकीचा पहिला परकर, धन्याचा कामावरचा सदरा असे सर्व एकाच गोधडीत येते. ज्या घरात फोटो नव्हते त्या घराचा हा आल्बमच. उर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हे नाव दिले. आयदान म्हणजे त्यांची आई विणत असे त्या बांबूच्या वस्तू. आईचे ते विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते त्यांनी सांगितले आहे. गोधडी शिवणाऱ्या कित्येकींना लिहिता येत नव्हते, पण टाका येत होता.

आपल्या शेजारच्या बेळगाव व उत्तर कन्नड जिल्ह्यांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशीच ‘कवंदी’ शिवतात. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांचे फूल लावल्याशिवाय ती त्यांच्या दृष्टीने पुरी होत नाही. गरजेच्या पलीकडे हात जातो तेथे कला सुरू होते, हे यावरून ध्यानात येईल.

चीवर आणि गोधडी

आपण बौद्ध आहोत, म्हणून या विषयाची एक बाजू आपल्याला अधिक जवळची आहे. विनयपिटकातील महावग्गात असे सांगितले आहे की, राजगृहाहून दक्खिनगिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील भाताची शेते पाहिली. लांब-आखूड वाफे, त्यांचे बांध, एकमेकांना छेदणारी हद्द. भिक्खूंची चीवरे अशी करता येतील काय, असे त्यांनी आनंदांना विचारले. आनंदांनी तुकडे कापून तशी चीवरे शिवून दाखविली आणि भगवंतांनी त्यांच्या बुद्धीची प्रशंसा केली. आजही भन्तेजींचे चीवर निरखून पाहावे, त्यात शेत दिसते. कापून जोडलेल्या वस्त्रावर चोराचा डोळा जात नाही, हाही त्यामागचा हेतू होता. भिक्खूच्या आठ परिक्खारांत भिक्षापात्राबरोबर सुई आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आहे? वर्षावासानंतरच्या कठिन विधीत तर कापड कापणे, शिवणे, रंगवणे हे सारे संघाने मिळून एका दिवसात पुरे करावयाचे असते.

चुल्लवग्गातील दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. कोसंबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचे हे करणार काय, अशी शंका राजाला आली. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे? त्यांची पांघरुणे व आच्छादने करू. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरील अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी आणि अखेरीस ती कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. आपल्या आजीने लुगड्याचे जे केले तेच हे. तिने ते पिटकात वाचले नव्हते, एवढाच फरक.

लादलेली चिंधी व निवडलेली चिंधी

येथे कोणी विचारील की, मग दारिद्र्याचेच कौतुक करायचे काय? मुळीच नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे लिहिले आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, ते उगाच नव्हे. उलट बुद्धाच्या संघातील पांसुकूलिक भिक्खूही स्मशानातील व उकिरड्यावरील चिंध्याच वापरीत, पण ते स्वेच्छेने, आणि त्यात राजघराण्यातले व श्रीमंत कुळातलेही होते. चिंधी तीच, ती कोणाच्या हुकमाने अंगावर आली हा खरा प्रश्न आहे. हुकमाने आली तर ती गुलामी, स्वतःच्या बुद्धीने व श्रमाने घडविली तर ती निर्मिती. महाडलाच स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने व नेसण्याच्या तऱ्हा टाकून द्यायला सांगितले. मात्र कपडा ठिगळांचा असला तरी चालेल, तो स्वच्छ असावा, असेही बजावले. ठिगळाची लाज त्यांनी शिकविली नाही.

सातासमुद्रापलीकडील भगिनी

बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले. तेथील कृष्णवर्णीयांचा प्रश्न व आपला प्रश्न यांतील साम्य त्यांनी जाणले होते. १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉय या कृष्णवर्णीय विचारवंतांशी त्यांचा पत्रव्यवहारही झाला. त्याच देशात अलाबामा राज्याच्या विल्कॉक्स काउंटीत जीज बेंड नावाचे, गुलामांच्या वंशजांचे गाव आहे. तेथील स्त्रिया शेतावरच्या विरलेल्या कपड्यांतून गोधड्या शिवीत. मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ मध्ये पती वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी केली, त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. या काउंटीत १९६५ च्या आरंभी एकाही कृष्णवर्णीयाचे नाव मतदारयादीत नव्हते. गावाची होडीसेवा १९६२ मध्ये बंद केली गेली, ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. त्या परिसरातील स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या न्यूयॉर्कला विकल्या. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या मोठ्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. गोधडी त्यांना मतदानाच्या लढ्याबरोबर स्वाभिमानाचे साधन झाली.

आपण काय करावे?

आपल्या वस्त्यांतही बचत गट आहेत. गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला, तेव्हापासून ही वाट खुली आहे. पण गोधडी विकताना हिशेब नीट करावा. समजा एखादी भगिनी रोज ३ तास बसली आणि १६ दिवसांत गोधडी झाली, तर ४८ तास झाले. म्हणजे ८ तासांचे पुरे ६ दिवस. सहा दिवसांची मजुरी, दोरा व अस्तर मिळून किंमत ठरली पाहिजे. “जुन्याच तर चिंध्या” म्हणून भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला हा हिशेब दाखवावा. चिंध्या जुन्या असतात, श्रम जुने नसतात.

विद्यार्थ्यांना आमचे एक सांगणे आहे. माळ्यावरची गोधडी खाली काढा, उन्हात घाला आणि आजीजवळ बसून एकेका तुकड्याची हकिकत विचारून वहीत लिहून घ्या. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची पट्टी टाकून तिच्यावर शिवणारीचे नाव, गाव व साल घाला. आपल्या पूर्वजांचे श्रम निनावी राहिले. निदान या श्रमांवर तरी नाव असावे. वर्षावासाच्या समाप्तीला विहारात अशा गोधड्या एक दिवस मांडून ठेवता आल्या, तर चीवरदानाच्या शेजारी त्या शोभून दिसतील, आणि आपल्या माता-भगिनी आपले काम चारचौघांत मान वर करून पाहतील.

नमो बुद्धाय! जय भीम!