व्रताआधी वैद्यकी
(सेवेच्या वाटा : लेख सातवा)

मागच्या लेखात आपण पॅरिसमध्ये १६३३ साली व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी सुरू केलेल्या धर्मभगिनींच्या संघाची हकिगत पाहिली. कॅथलिक व्रतस्थ स्त्री तोवर मठाच्या भिंतीआड राहत असे. ती रस्त्यावर आली, रुग्णांच्या घरी जाऊ लागली, ती या संघामुळे. पुढच्या अडीच-तीनशे वर्षांत जगभरच्या दवाखान्यांतून सिस्टर दिसू लागल्या आणि आजारपण म्हटले की मदतीला सिस्टर, असे समीकरणच होऊन गेले. पण या समीकरणात एक मोठी खोट होती आणि ती विसाव्या शतकापर्यंत तशीच राहिली. सिस्टर तापाच्या रुग्णाजवळ रात्रभर बसे, जखम धुई, मरणाऱ्याचा हात धरून प्रार्थना करी. मात्र शस्त्र हाती घेणे, डॉक्टर म्हणून उपचार करणे आणि बाईला कळा सुरू झाल्यावर तिचे बाळंतपण करणे हे तिला चर्चच्या कायद्याने वर्ज्य होते. ही खोट भरून काढणाऱ्या 'मेडिकल मिशन सिस्टर्स' या संघाबद्दल आज लिहायचे आहे. माझे म्हणणे असे की या स्त्रियांचे खरे कर्तृत्व त्यांनी बांधलेल्या इस्पितळांपेक्षा मोठे आहे. व्रत हे कामासाठी असते आणि काम नीट यायला हवे असेल तर करुणेला विद्येची जोड द्यावीच लागते, हे त्यांनी आपल्या जगण्यातून चर्चला मान्य करायला लावले.

आधी तो नियम समजून घेऊ, कारण तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नव्हता. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने मठवासीयांनी पैशासाठी वैद्यकी शिकू नये असे बजावले. १२१५ च्या चौथ्या परिषदेने धर्मगुरूंना चिरफाड आणि डागण्या देण्याची शस्त्रक्रिया करायला मनाई केली. रुग्ण दगावला तर त्याच्या रक्ताचा डाग पवित्र पदाला लागू नये, धर्मकार्य सोडून कोणी कमाईमागे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. १९१७ च्या धर्मविधी संहितेत धर्मगुरूंना रोमच्या खास परवानगीवाचून वैद्यकीची बंदी कायम राहिली आणि धर्मगुरूंची बंधने व्रतस्थ स्त्री-पुरुषांनाही लागू झाली. स्त्रियांच्या बाबतीत ब्रह्मचर्याची काळजी हे आणखी एक कारण जोडले गेले. आपापल्या काळी या नियमांना अर्थ होता. पण ज्या युरोपात ते घडले तिथे बाळंतिणीजवळ जायला दुसरे कोणी ना कोणी असे. हाच नियम पंजाबातल्या रावळपिंडीला आला तेव्हा त्याचा अर्थच बदलला.

विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर हिंदुस्थानातल्या पडद्यातल्या स्त्रीची स्थिती डोळ्यांपुढे आणा. परक्या पुरुषाने तिला तपासणे घरच्यांना मान्य नसे, बहुतेकदा तिला स्वतःलाही नसे. लहान वयात लग्न, मग बंद अंगण, काळोख्या खोल्या, बाहेर पडायचे तर बुरखा. अंगाला ऊन लागत नसल्याने हाडे मऊ पडत. त्यात एकामागून एक बाळंतपणे आणि अंगावरचे पाजणे, म्हणजे हाडांतला उरलासुरला चुनाही जाई. अशा बाईची कमरेची हाडे आत दबत आणि मूल बाहेर यायची वाटच अरुंद होऊन बसे. काश्मीरमध्ये काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या डॉक्टरबाईंनी १९२८ च्या आपल्या पुस्तकात पडदा आणि मातृत्व यांचा हाच संबंध मांडला आहे. बाई अडली की सुईण आपल्या परीने खटपट करी, दिवस उलटत, मूल पोटातच जाई आणि पाठोपाठ आईही. इथे उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवणारी प्रेमळ सिस्टर काय कामाची? तिथे पोट उघडून मूल काढणारा हात हवा होता आणि तो बाईचा हवा होता. हे काही फक्त पंजाबचे दुःख नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे स्त्री-डॉक्टरांची मागणी केली होती आणि आनंदीबाई जोशी त्याच गरजेपोटी समुद्र ओलांडून १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या.

रावळपिंडीची ही गरज रोमच्या कानी घालणारी पहिली व्यक्ती होती अ‍ॅग्नेस मॅक्लारेन ही स्कॉटिश डॉक्टर. १८३७ चा जन्म, १८७८ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए विद्यापीठाची पदवी आणि साठी उलटल्यावर कॅथलिक पंथाचा स्वीकार. सत्तरीनंतर त्यांनी रावळपिंडीत स्त्रिया आणि मुलांसाठी सेंट कॅथरीन हॉस्पिटल उभे केले. शुश्रूषेला फ्रान्सिस्कन सिस्टर्स होत्या, डॉक्टर मात्र मिळेना. सिस्टरनाच डॉक्टर होऊ द्या, अशी विनंती त्यांनी रोमला पुन्हा पुन्हा केली. १९१३ मध्ये त्या वारल्या तेव्हाही नियम होता तिथेच होता. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांत ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातली अ‍ॅना डेंगल ही तरुणी पत्रांतून त्यांच्या संपर्कात आली होती. ब्रिटिश हिंदुस्थानात काम करायचे तर ब्रिटिश पदवी हवी, हा मॅक्लारेनबाईंचा सल्ला मानून ती आयर्लंडमधल्या कॉर्कला गेली, १९१९ मध्ये डॉक्टर झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीत दाखल झाली. चार वर्षांत तिला कळून चुकले की एकट्या डॉक्टरबाईने हे निभणारे नाही. ती गेली की काम बसणार.

म्हणून मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ सुरू करण्यासाठी ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये चौघीजणी एकत्र आल्या, डेंगल आणि जोहाना लायन्स या दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका. त्या एकत्र राहत, प्रार्थना करीत, मिळकत एकत्र ठेवीत, एकमेकींना 'सिस्टर' म्हणत, पण कायद्याच्या नजरेत त्या सिस्टर नव्हत्या. जाहीर व्रते घेतली असती तर डॉक्टरकी सोडावी लागली असती. म्हणून त्यांनी व्रतांचा मान बाजूला ठेवला आणि काम हाती धरले. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ज्या स्त्रियांना मनापासून व्रतस्थ व्हायचे होते, त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ बिननावाचे राहणे पत्करले. इथे कोणी म्हणेल, रोम तर एरवीही सवलत देत होतेच. ते खरे आहे. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लोरी १९२० मध्ये आंध्रातल्या गुंटूरला येऊन सिस्टर झाल्या आणि पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या खास परवानगीने त्यांनी डॉक्टरकी चालू ठेवली. पुढे १९४३ मध्ये देशातल्या कॅथलिक इस्पितळांची संघटनाही त्यांनीच उभी केली. पण परवानगी ही एका व्यक्तीला मिळते आणि तिच्याबरोबर संपते. डेंगलबाईंना नियमच बदलून हवा होता. ११ फेब्रुवारी १९३६ च्या आदेशाने रोमने मिशनच्या प्रदेशांत सिस्टरना रीतसर शिक्षण घेऊन वैद्यकी आणि सुईणपण करायला मुभा दिली, इतकेच नव्हे तर अशा नव्या संघांना उत्तेजनही दिले. आठ शतकांची मनाई इथे सैल झाली.

आता एक रास्त शंका. बाळंतपणासाठी स्त्री-डॉक्टर हवी होती, व्रत कशाला हवे? १८८५ पासून डफरिन फंड होता, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उघडले, १९१४ पासून सरकारची विमेन्स मेडिकल सर्व्हिस होती. या संस्थांचे ऋण मोठे आहे आणि सिस्टरच तेवढ्या त्यागी असे म्हणणे पगारी डॉक्टरबाईंवर अन्याय करणारे ठरेल. पण पगारी नोकरीत बदली असते, लग्न असते, शहराची ओढ असते आणि त्यात गैर काहीच नाही. संघाचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. एक सिस्टर आजारी पडली तर दुसरी येते, एकीचे शिक्षण साऱ्यांच्या पैशातून होते, स्वतःचा संसार नसल्याने मिळकत पुन्हा दवाखान्यात जाते. व्रत हे इथे कामाला लागणाऱ्या चिकाटीची व्यवस्था आहे. संघाने रावळपिंडीत उभारलेल्या होली फॅमिली हॉस्पिटलपाठोपाठ पाटणा आणि दिल्ली इथे त्याच नावाची इस्पितळे उभी राहिली. फाळणीने देश दुभंगला तरी संघाचे काम दोन्हीकडे चालू राहिले.

दुसरा आक्षेप धर्मांतराचा. या स्त्रिया ख्रिस्ताच्या नावाने आल्या होत्या आणि ते त्यांनी कधी लपवले नाही, तेव्हा धार्मिक हेतू नव्हताच असे म्हणण्यात अर्थ नाही. विचारायचे ते असे की उपचारावर काही अट होती का आणि मागे काय उरले. रावळपिंडी ख्रिस्ती झाली नाही. तिथले होली फॅमिली हॉस्पिटल आज पाकिस्तानातले मोठे सरकारी शिक्षण-रुग्णालय आहे, नाव जुनेच आहे, रुग्ण बहुतांशी मुसलमान आहेत. आमिष म्हणून बांधलेल्या वास्तूचा इतिहास असा नसतो. शिवाय १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर या सिस्टर्सनी स्वतःहून कितीतरी इस्पितळांचा कारभार इतरांकडे सोपवला आणि खेड्यांतल्या आरोग्यकामाकडे मोर्चा वळवला.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडून काढता येत नाही. कॅथलिक इस्पितळात नसबंदी, गर्भपात किंवा कृत्रिम गर्भनिरोधन होत नाही. चौथ्या बाळंतपणानंतर थकलेल्या बाईला 'आता पुरे' म्हणायचे असेल तर तिला दुसरीकडे जावे लागते आणि जिथे दुसरे इस्पितळ पन्नास किलोमीटरवर आहे तिथे ही गोष्ट लहान नाही. १९३६ प्रमाणे हाही नियम बदलेल, असे काहींना वाटते. ती तुलना पुरती जुळत नाही. तेव्हा बदलली ती शिस्त, म्हणजे कोणी काय करावे याची व्यवस्था. इथे प्रश्न शिकवणुकीचा आहे आणि चर्च तिला शिस्तीसारखे लवचीक मानत नाही. पण मॅक्लारेन आणि डेंगल यांनी रोमपुढे बाळंतिणींची स्थिती जशी होती तशी मांडली, तोच प्रामाणिकपणा रुग्णाच्या बाबतीतही पाळला गेला पाहिजे. आपल्याकडे काय होत नाही आणि ते जवळपास कुठे होते, हे बाईला नाव नोंदवतानाच, तिच्या भाषेत, सांगितले जावे.